प्रिंटरपाशी अडलेले लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले. विंडोज ११ घ्यायचे तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६ साली घेतलेले, आजही बिनतक्रार चालणारे कितीतरी संगणक या तारखेला कागदोपत्री म्हातारे झाले. रावेर तालुक्यातल्या सावद्यासारख्या केळीच्या बाजारगावात अशा संगणकांच्या जागा ठरलेल्या आहेत. केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसातला एक, पतसंस्थेच्या काउंटरवरचा एक, झेरॉक्सच्या दुकानात दोन, सेवा केंद्रात एक, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे एक, शिवाय शाळेच्या संगणक खोलीत रांगेने मांडलेले. नवा संगणक घ्यायचा तर तीस-चाळीस हजारांना मरण नाही, आणि जुना तर चालतो आहे. अशा वेळी कुणीतरी सांगते, ‘विंडोजच्या जागी लिनक्स टाका. फुकट आहे, जुन्या मशिनवर पळते, व्हायरसची कटकट नाही.’ यातला शब्द न् शब्द जवळजवळ खरा आहे. तरीही लिनक्स टाकणारे बरेच जण पंधरा दिवसांत पुन्हा विंडोजवर येतात, आणि येताना कपाळाला आठी घेऊन येतात.

या परत येण्याची कारणे सहसा दोन सांगितली जातात. लिनक्सचे जाणकार म्हणतात, नव्या माणसाला शिकायचेच नसते. परत आलेला माणूस म्हणतो, लिनक्स हे इंजिनिअर लोकांचे काम, आपले नव्हे. मला दोन्ही निदाने चुकीची वाटतात. सावद्यातला संगणक हा एकटा डबा नसतो. त्याला एक प्रिंटर बांधलेला असतो, एक मराठी फॉन्ट बांधलेला असतो, हिशेबाचे एक सॉफ्टवेअर, अंगठा घेणारे एक यंत्र आणि बिघडले की धावून येणारा एक माणूस बांधलेला असतो. लिनक्स टाकताना आपण यातला फक्त मधला खांब बदलतो आणि बाकीचा मांडव तसाच उभा राहील असे धरून चालतो. नवख्याची चीड त्या खांबाबद्दल नसते, मांडव कोसळल्याबद्दल असते. हा फरक ध्यानात घेतला नाही तर कितीही सोपे लिनक्स आणले तरी ते गावात टिकणार नाही.

पहिल्या दिवसाच्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या जातात. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह दिसत नाहीत; सगळे एका तिरप्या रेघेपासून सुरू होते. इंटरनेटवरून उतरवलेली ‘इएक्सई’ फाइल दाबली तरी उघडत नाही, कारण ती विंडोजसाठी बांधलेली असते. इथे सॉफ्टवेअर भांडारातून घ्यायचे असते, मोबाइलवर प्ले स्टोअरमधून घेतो तसे. टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करताना पडद्यावर बऱ्याचदा काहीच उमटत नाही, टिंबसुद्धा नाही, आणि माणसाला वाटते की कीबोर्ड मेला. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले तर आणखी एक गमतीदार वाटणारा पण छळणारा घोळ होतो. लिनक्स बऱ्याचदा संगणकाच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते, आणि विंडोज सुरू केले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. वेळ चुकली की बँकेची आणि सरकारची संकेतस्थळे ‘हे सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेतात. कारण माहीत असलेल्याला हे एका ओळीचे काम आहे. माहीत नसलेल्याला वाटते, लिनक्सने संगणक बिघडवला. पण एवढ्यावरून कुणी लिनक्स पुसून टाकत नाही.

पुसून टाकतो तो प्रिंटरपाशी. झेरॉक्सच्या दुकानात, सेवा केंद्रात, वकिलाच्या टेबलावर एक करड्या-पांढऱ्या रंगाचा, पुढे झाकण उघडणारा छोटा लेझर प्रिंटर वर्षानुवर्षे दिसत आला आहे: कॅननचा एलबीपी २९००. दणकट, टोनर पुन्हा भरून घेता येणारा, सुटे भाग सहज मिळणारा. विंडोजवर तो जोडला की चालतो. लिनक्सवर वायर लावली की त्याचे नाव कधी दिसते, कधी दिसतही नाही. छापायला सांगितले की काम रांगेत जाते आणि पान येत नाही. हा प्रिंटर संगणकाशी कॅननच्या स्वतःच्या, सीएपीटी नावाच्या भाषेत बोलतो. पानाची जुळणी करण्याचे बरेचसे काम त्याने संगणकावर टाकलेले असते. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर काढला होता, पण तो बसवताना दोन पॅकेज टाकायची, प्रिंटरची नोंद आदेश लिहून दोन ठिकाणी करायची आणि मागे चालणारी एक सेवा सुरू ठेवायची, असा तो मार्ग. शिवाय तो जुन्या ३२ बिटच्या काळातला असल्याने नव्या लिनक्सवर त्याला आणखी टेकू लागतात. पुष्कळदा एवढे सगळे करून पान निघते, आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की पुन्हा निघत नाही. जून महिन्यात, दाखल्यांसाठी विद्यार्थी आणि पालक दाराशी उभे असताना, दुकानदाराने काय करावे? तो फोन करून विंडोज टाकायला सांगतो. त्याच्या जागी कुणीही तेच करील.

एचपीचा लेझरजेट १०२० हा असाच दुसरा घरोघरचा प्रिंटर. त्याच्या पोटात स्वतःची कायमची बुद्धी नाही. चालू केला की दर वेळी संगणकाने त्याला ती पाजावी लागते. एचपीने लिनक्ससाठी चांगली व्यवस्था केली आहे, पण या प्रिंटरसाठी एक जादा प्लगइन इंटरनेटवरून उतरवावा लागतो. ते सांगणारा असला तर काम पाच मिनिटांचे, नसला तर दोन दिवसांचे. लिनक्सच्या मागे असलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवातच एका प्रिंटरपासून झाली, हे इथे आठवते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना कळावे, असा बदल रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचा होता. त्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, मिळाली नाही. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते उघडून पाहता आणि दुरुस्त करता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह तिथून घट्ट झाला, आणि १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्स यांनी त्याला हवा असलेला गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला. चाळीस वर्षे उलटली, जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर चालतात, आणि सावद्यातला नवखा अजून प्रिंटरपाशीच अडतो. दोष लिनक्सच्या गाभ्याचा नाही. आपले यंत्र कोणत्या भाषेत बोलते हे कंपन्या सांगत नाहीत, तोवर परक्या माणसांना ते ऐकून ऐकून ओळखावे लागते, आणि त्याला वर्षे जातात.

प्रिंटर हा एक खिळा झाला; दुसरा खिळा मराठीचा आहे, आणि तो अधिक खोल गेलेला आहे. आपल्याकडचे छपाईचे काम कित्येक वर्षे श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांवर उभे राहिले. या फॉन्टांची रीत अशी की आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. लिनक्सवर जुनी फाइल उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला तर लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हांचा खच दिसतो. दहा वर्षांचे काम गेले म्हणून माणूस घाबरतो. प्रत्यक्षात काहीच गेलेले नसते. फॉन्टची फाइल विंडोजमधून उचलून लिनक्समध्ये टाकली की मजकूर दिसू लागतो. पण वाचता येणे निराळे आणि लिहिता येणे निराळे. त्या फॉन्टात टाइप करून देणारे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बांधलेले आहे, आणि पत्रिका, फ्लेक्स, पावतीपुस्तके ज्यात जुळवतात ते कोरलड्रॉही. कोरलने २००० साली कोरलड्रॉची लिनक्स आवृत्ती काढली होती आणि त्याआधी स्वतःचे लिनक्सही. ते टिकले असते तर आज छापखान्यांची गोष्ट वेगळी झाली असती. आता त्या कामासाठी लिनक्सवर इंकस्केप आहे, चांगले आहे, कोरलच्या फाइली थोड्याफार उघडतेही. तरी ऐन लग्नसराईत, एप्रिल-मेमध्ये, दहा वर्षांचे जुने नमुने बाजूला ठेवून नवे हत्यार हातात घ्या, असे पत्रिकावाल्याला सांगणे हे त्याच्या पोटाला न विचारता दिलेला सल्ला आहे.

जो युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीने, लिहितो त्याला मात्र लिनक्स मराठी लिहिण्यात कुठेही कमी पडत नाही, हे तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. इन्स्क्रिप्ट ही कळपाटाची मांडणी १९९१ पासून भारतीय मानक आहे आणि ती विंडोजवर जशी तशीच लिनक्सवर. उच्चाराप्रमाणे रोमन कळांनी लिहिणाऱ्याला ती सोय आहे. गमभन या मराठी लेखनसाधनाच्या पद्धतीने लिहिणाऱ्यासाठीही मांडणी आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक आजचे लिनक्स चोख दाखवते. ‘ॲ’ हे मराठीचे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, तेही बरोबर उमटते. अडचण आहे ती दार सापडण्याची. सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डच्या खाली इनपुटचे स्रोत शोधायचे, त्यात मराठी निवडायची. उच्चाराची पद्धत हवी तर कधी एक जादा पॅकेज टाकायचे, एकदा लॉगआउट करायचे. हे कुणी समोर बसून दाखवले तर तीन मिनिटे लागतात. मराठी मेनूंची अडचण वेगळी. २००० नंतरच्या दशकात पुण्यातल्या आणि इतर ठिकाणच्या मराठी मंडळींनी लिनक्सच्या पडद्यांचे भाषांतर कष्टाने केले. पुढे सॉफ्टवेअर दर सहा महिन्यांनी बदलत राहिले आणि भाषांतर करणारे हात कमी झाले. आज मराठी निवडली तर अर्धा मेनू मराठी, अर्धा इंग्रजी, आणि जो मराठी आहे त्यात कुठे ‘संचयिका’ असे शब्द. सावद्यात फोल्डरला फोल्डर म्हणतात. पहिल्यांदा संगणकाला हात लावणाऱ्याला त्या ‘संचयिके’ने मराठीपासूनच दूर लोटले, तर ते भाषेचे नुकसान आहे.

टॅलीबद्दल फार लिहायला नको. बंगळूरच्या या कंपनीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर देशभरातल्या दुकानदारांचे आणि करसल्लागारांचे रोजचे हत्यार आहे, आणि ते विंडोजसाठी आहे. केळीच्या गाड्या भरणाऱ्या व्यापाऱ्याचा करसल्लागार टॅलीची फाइल मागतो. दुसरे कितीही चांगले हिशेबाचे सॉफ्टवेअर असले तरी त्याचा उपयोग नाही, कारण हिशेब दोघांचा असतो. सेवा केंद्रात याहून बारीक गाठी आहेत. निविदा भरायची किंवा दाखल्यावर सही करायची तर डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागतो, अंगठा घ्यायचे यंत्र लागते, आणि या वस्तूंची पूरक सॉफ्टवेअरे प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइड डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. डिजिटल सातबारा उतरवला की त्यावर सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह असते. केंद्र चालवणाऱ्याला पाठ आहे: ॲडोबी रीडरमध्ये उघडायचे, सहीवर उजवे क्लिक, दोनदा होय म्हणायचे, हिरवी खूण आली की प्रिंट. बँकेचा माणूस ती हिरवी खूण बघतो. ॲडोबीने लिनक्ससाठीचा रीडर २०१३ नंतर सोडून दिला. ओक्युलर नावाचे वाचक सही तपासते, पण त्याच्याकडे ती ओळखीची हिरवी खूण त्या जागी येत नाही, आणि ग्राहक म्हणतो, ‘पलीकडच्या दुकानातून काढून आणतो.’

एवढे सगळे असूनही माणूस टिकला असता, जर अडल्यावर विचारायला कुणी असते. सगळ्यात मोठी तूट इथे आहे. विंडोज काही बिघडत नाही असे नाही. ते अपडेटच्या मध्येच अडकते, व्हायरस धरते, संथ होते. पण विंडोज बिघडले तर गावात चार जणांना काय करायचे ते माहीत असते. शेजारचा दुकानदार सांगतो, भाचा सांगतो, रिपेअरिंगवाला मोटारसायकलवर येऊन तासाभरात पुन्हा टाकून देतो. हे शहाणपण एका दिवसात आले नाही. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोक गेले. त्यातले ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट, तरी वर्षानुवर्षे तिथे शिकवले गेले ते विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागते म्हणून गावोगावच्या मुलामुलींनी ते घेतले. अशा रीतीने विंडोजचे ज्ञान गल्लीत मुरले. लिनक्सचे ज्ञान मात्र कॉलेजात राहिले. सावद्याच्या शेजारी, फैजपूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. संगणक शाखेचे विद्यार्थी प्रयोगशाळेत लिनक्सचे आदेश लिहून गुण मिळवतात. त्या प्रयोगशाळेत अंगठ्याचे यंत्र नसते, श्री-लिपीची फाइल नसते. परीक्षेत विचारतात ते आणि दुकानात अडते ते यांची कधी गाठच पडत नाही.

‘फुकट’ या शब्दाचाही भरवसा धरू नये. गावाकडच्या कितीतरी संगणकांवर विंडोजची विनापरवाना प्रत असते. टाकून देणारा आपली मजुरी घेतो, परवान्याचे पैसे कुणी मोजत नाही. ज्याने विंडोजला कधी पैसे दिले नाहीत त्याला लिनक्स फुकट असल्याचे काय सुख? लिनक्सच्या बाजूने बोलायचे तर मुद्दा वेगळा मांडावा लागतो. चोरीची प्रत वापरणे गैर आहे, आणि त्या प्रतीसोबत कुलूप तोडणारे जे सॉफ्टवेअर येते त्यात काय भरलेले आहे हे कुणाला ठाऊक नसते. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील रोज टाइप होतात, तिथे ही जोखीम लहान नाही.

सावदा-रावेरच्या पट्ट्याला नवे तंत्र परके नाही. या मातीत एके काळी बसराई केळी होती, पाटाचे पाणी होते. नंतर ठिबक आले, मग ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली, आणि आज या दोन गोष्टींशिवाय इथली केळी ओळखू येणार नाही. जळगावच्या जैन इरिगेशनचे यात मोठे काम आहे. पण नळी चांगली होती एवढ्याने ठिबक पसरले नाही. नळीबरोबर ती बसवून देणारा फिटर आला, ड्रिपर चोंदले तर आम्ल कसे सोडायचे ते सांगणारा माणूस आला, बाजारगावात ड्रिपर आणि जोडण्या मिळू लागल्या, अनुदान आले, आणि शेजाऱ्याच्या बागेत चालते आहे हे डोळ्यांना दिसले. नळीच्या आजूबाजूचे हे सगळे नसते तर पहिल्याच उन्हाळ्यात चोंदलेल्या नळ्या गुंडाळून शेतकरी पुन्हा पाटावर गेला असता, आणि कुणी म्हणाले असते की शेतकऱ्याला शिकायचेच नाही. लिनक्सची नळी आज चांगली आहे. फिटर नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्हींत जीव आहे. पहिला असा की आता सगळी कामे ब्राउझरमध्ये होतात, तेव्हा खाली विंडोज आहे की लिनक्स याने काय फरक पडतो? पुष्कळ कामांपुरते हे खरे आहे. विद्यार्थ्याचा अभ्यास, ईमेल, व्हॉट्सॲप वेबवर आलेले केळीचे भाव, बातम्या, बँकेचे साधे व्यवहार हे सगळे फायरफॉक्समध्ये तसेच चालते, आणि ज्याचे काम एवढेच आहे त्याला लिनक्समध्ये त्रास होण्याचे कारण नाही. पण संगणक ज्यांच्या उपजीविकेचा आहे त्यांचे काम ब्राउझरच्या बाहेर, वायरीच्या टोकाला असते. दुसरा आक्षेप असा की अँड्रॉइड हेही लिनक्सच्याच गाभ्यावर उभे आहे, ते तर केळी कापणाऱ्या मजुराच्या खिशातही आहे; मग लिनक्स अवघड कसे? हा आक्षेप माझ्याच बाजूने बोलतो. अँड्रॉइडचा फोन विकत घेताना कुणाला ड्रायव्हर शोधावा लागत नाही, कारण तो यंत्र बनवणाऱ्याने आधीच बसवून दिलेला असतो, ॲप बनवणारे त्यासाठीच ॲप बनवतात आणि बिघडला तर बाजारात दुरुस्तीचे दुकान असते. मांडव आधी उभा असला की खांब लिनक्सचा आहे हे माणसाला कळतही नाही.

आळसाच्या आरोपाला उत्तर केरळने दिले आहे. तिथे २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल या सरकारी प्रकल्पाने शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर आणले. पुढे २०१७ मध्ये त्याची काइट ही कंपनी झाली. त्यांनी शाळांना नुसती सीडी दिली नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्यावर बेतली, दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा त्यावर घेतली, मल्याळम भाषा नीट चालेल हे पाहिले, आणि शाळांना लागेल तसे स्वतःचे लिनक्स जुळवले. केरळचा शिक्षक महाराष्ट्राच्या शिक्षकापेक्षा जन्माने अधिक कष्टाळू नसतो. फ्रान्सच्या जेंडार्मरी या पोलीस दलाने आणखी एक शहाणपणा केला. त्यांनी २००५ पासून आधी विंडोजवरच ओपनऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड रुजवले. हात त्यांना सरावल्यावर २००८ पासून खालची विंडोज काढून उबुंटू हे लिनक्स घातले. माणसाला रोज दिसते ते आधीच बदलून झाले होते, म्हणून खालचा बदल फारसा जाणवला नाही. उलट जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरवले. त्यामागे राजकारण होते की तांत्रिक अडचणी, यावर अजून वाद होतात. माझ्या दृष्टीने त्यातले महत्त्वाचे इतकेच, की महापालिकेला ज्यांच्याशी कागदपत्रांची देवाणघेवाण करायची होती ते बाहेरचे जग विंडोजवरच होते. पंधरा हजार संगणकांनाही सोबत अपुरी पडली. मग सावद्यातल्या एका संगणकाचे काय?

म्हणून या कामातला मोठा वाटा नवख्याचा नाही, सार्वजनिक संस्थांचा आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये बॉस हे भारतीय लिनक्स काढले. २०१५ मध्ये केंद्र सरकारने सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअर पसंत करण्याचे धोरण जाहीर केले. धोरण कागदावर असताना नागरिकाला दाखला देणारे टेबल मात्र एकाच कंपनीच्या प्रणालीवर बांधलेले राहते, हे पटण्यासारखे नाही. सहीचा टोकन, अंगठ्याचे यंत्र, प्रिंटर यांची सरकारी खरेदी करताना ‘लिनक्सवर चालले पाहिजे’ ही एक अट घातली, तर कंपन्या ड्रायव्हर लिहितील. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला कुणी नाही म्हणत नाही. शाळांना, ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना युनिकोड वापरा असे नुसते सांगून भागणार नाही, जुन्या फॉन्टातल्या फाइली बदलून देणारी मदतही तालुक्याला मिळाली पाहिजे. आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत एक प्रकल्प असा का असू नये, की गावातल्या एका दुकानाचा किंवा शाळेचा संगणक प्रिंटरसह, मराठीसह लिनक्सवर चालवून दाखवायचा आणि वर्षभर त्याची जबाबदारी घ्यायची? गुण तिथे द्यावेत. त्यातूनच फिटर तयार होतील.

तोवर जो एकटा हे करू पाहतो त्याला सांगण्यासारखे थोडे आहे. टॅली, कोरलड्रॉ किंवा अंगठ्याचे यंत्र ज्याच्या रोजच्या कामात आहे त्याने त्या संगणकावर आज लिनक्स टाकू नये. कुणी कितीही आग्रह केला तरी. मुलांच्या अभ्यासाचा, घरचा, वाचनालयाचा, शाळेच्या खोलीतला संगणक मात्र खुशाल बदलावा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांपैकी एक घ्यावे आणि शंभर प्रकारांच्या चर्चेत पडू नये. विंडोजवर असतानाच महिनाभर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिबरऑफिस वापरून पाहावे, मराठी इन्स्क्रिप्टने किंवा उच्चाराने युनिकोडमध्ये लिहायची सवय करावी. जुन्या फाइलींची आणि फॉन्टांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. शक्य असेल तर एकट्याने बदलू नये. शेजारच्या दोघांनी मिळून एकच लिनक्स घ्यावे, म्हणजे एकाला सापडलेले उत्तर दुसऱ्याच्या कामी येते. आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावर लिनक्स उतरवून संगणक त्यावरून सुरू करता येतो, आतल्या विंडोजला धक्का न लावता. तसा सुरू झाला की वॉलपेपर, खेळ, रंग बघत बसू नका. आधी प्रिंटरची वायर लावा आणि मराठीतले एक पान छापून बघा.